बाई, तो शेवट बराबर नव्हता

बाई, परवा मी टीव्ही लावला. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावाला गेले आणि दुपारी घर इतकं सुनं झालं की मला राहवेना. नवाच पिक्चर होता, दक्षिणेतला, हिंदीत बोलणारा. पहिल्याच मारामारीत हिरो ट्रॅक्टर उचलून गुंडांच्या अंगावर फेकतो. मी अर्धा तास पाहिला आणि बंद केला. पिक्चर वाईट होता असं नाही. पण उंबरठ्यावरून कोणी विचारलंच नाही, "काय वं मंदे, शेवट कसा आहे? कोनी मरते का?"

शेवट ऐकल्याशिवाय तुम्ही कधी पिक्चरला बसल्या नाहीत. "हिरोईन मरत असन तं आत्ताच सांग, मले तूर निवडाची आहे," असं म्हणायच्या. म्हणून मी आदल्या दिवशी मोबाइलवर तो पळवत पळवत पाहून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला शेवट सांगायची. मी भांडायची, की शेवट माहीत असल्यावर पाहण्यात मजा काय राहिली? तुम्ही म्हणायच्या, "जिवाले घोर नसला का मानूस बराबर पाह्यते. शेवटाची धाकधूक असली तं मदातलं काईच दिसत नाही." हे भांडण काही मिटलं नाही. तुमचंच खरं होतं असं आता वाटतं, पण तुम्ही असत्या तर मी मेले तरी कबूल केलं नसतं.

गावातल्या बाया म्हणतात, मंदा एवढी काय रडते, जाऊच होती ना, बहीण तर नव्हती. म्हणू द्या. जावांचं पटत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि आपलंही पहिली काही वर्षं कुठं पटलं? तुम्ही थोरल्या, मी धाकटी. चुलीवरून भांडलो, पाण्याच्या गुंडावरून भांडलो, माझ्या माहेरच्या लोणच्याला तुम्ही नाव ठेवलं म्हणून मी दोन दिवस अबोला धरला. पटायला लागलं ते पिक्चरमुळे. आधी तो छोटा टीव्ही, रविवारच्या दुपारी. मग भाड्याच्या सीडी. मग तुमच्या सचिननं पुण्याहून मोठा टीव्ही आणला, नेट जोडून दिलं, आणि आपल्या दोघींचं दुपारचं काम कायमचं लांबलं.

मधल्या खोलीत दिवाळीपासून कापूस भरलेला. भाव येईल, भाव येईल म्हणत होळीपर्यंत घरातच. ढीग खिडकीच्या वर गेलेला, म्हणून सचिननं टीव्ही भिंतीवर उंच टांगला होता. अंगणवाडीतून आले की मी जेवून ढिगावर चढून बसायची. अंगाला खाज सुटायची, केसांत कापूस अडकायचा, पण तसली बसायची जागा कोणत्याच टॉकीजमध्ये नसेल. तुमचे गुडघे दुखायचे, म्हणून तुम्ही उंबरठ्यावर, मांडीवर सूप घेऊन. उंबरठ्याच्या पलीकडे पडदा, पडद्याच्या पलीकडे बैठक, आणि बैठकीत खाटेवर भासरे, म्हणजे तुमचे मालक, वावरातून येऊन, जेवून आडवे झालेले.

भासऱ्यांशी धाकट्या भावाच्या बायकोनं बोलायचं नाही, ही आपल्या घरची रीत. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि जे काही सांगायचं ते जाऊमार्फत. आता गावात कितीतरी सुना भासऱ्यांशी धडधड बोलतात, त्यांच्या गाडीवर मागे बसून दारव्ह्याच्या बाजाराला जातात. आपल्या घरात ते वारं शिरलं नाही. माझ्या लग्नाला वीस वर्षं उलटून गेली आणि त्यांच्याशी मी एक शब्द बोलले नव्हते. अंगणवाडीत मी साऱ्या गावाच्या पोरांच्या आयांना फैलावर घेते, तालुक्याच्या मीटिंगमध्ये मॅडमशी वाद घालते, आणि घरी मात्र भाजीत तिखट जास्त झालं का, हे तुमच्याकडून विचारून घ्यायची.

त्यामुळे आपले पिक्चर तिघांचे असायचे. मधात तुम्ही चहा करायच्या, एक कप मला ढिगावर द्यायच्या आणि एक पडद्याआड न्यायच्या. परत आल्या, सूप मांडीवर घेतलं, की सुरू. "हे म्हनतेत..."

तुमची स्वतःची मतं काय कमी होती? तुम्ही तर हिरोच्या पहिल्या ठोशालाच सुरू व्हायच्या. "हा एवढा मारते, पन याले जेवताना एकदा तरी दाखवलं का? ताकत येते कुठून?" जुन्या पिक्चरमध्ये विधवा आई खोकत खोकत शिलाई मशीन चालवायची, माझे डोळे भरून यायचे, आणि तुम्ही म्हणायच्या, "एवढी मशीन चालवते, पन गिऱ्हाईक एकबी दिसत नाही. शिवलेले कपडे जातेत कुठं?" भुताच्या पिक्चरला तुम्ही कधी भ्यायल्या नाहीत. "केस पाह्य भुताचे, आत्ताच न्हाऊन आल्यावानी." तो एक शहरातला पिक्चर आठवतो? लोकांनी फार चांगला म्हटलेला, नवरा-बायकोचं पटत नाही आणि दोघं मोठ्या घरात नुसते गप्प फिरतात. मी अगदी रमून पाहत होते. तुमचा धीर सुटला. "कवाचे खिडकीतून बाहीर पाहून राह्यले हे दोघं! भांडा ना बाप्पा एकदाचं, मोकळे व्हा!"

आणि तो आपल्याकडचा, कापसाच्या वावरातला. मी मोठ्या कौतुकानं लावला होता, की बघा, आपली बोली पहिल्यांदा पडद्यावर. तुम्ही हिरोईनीला कापूस वेचताना पाहिलं आणि सूपच खाली ठेवलं. "अव माय! कमरेले ओटी नाही बांधली हिनं. एक एक बोंड खुडून हातात धरते, पुजेची फुलं तोडाले आली का काय? सांजपर्यंत किलोभर व्हाचा नाही." मग त्यांच्या बोलण्यावर आल्या. "अन् हे प्रत्येक गोष्टीले बाप्पा बाप्पा काहून करून राह्यले? आपन का एवढं बाप्पा बाप्पा करतो बाप्पा?" मी हसून हसून ढिगावरून घसरले होते.

पण भासऱ्यांची मतं वेगळी असायची. थोडी, ठाम आणि कडक. "हे म्हनतेत, त्या पोरीनं बापाले विचाराले पाह्यजे होतं." "हे म्हनतेत, व्हिलनच त्यातला त्यात शाना, त्याले कामधंदा तरी होता." "हे म्हनतेत, पोलीस शेवटी येतेत, हे मात्र बराबर दाखवलं." मला राग यायचा. मी ढिगावरून निरोप द्यायची, "सांगा त्यायले, बापाले विचारलं असतं तर पिक्चरच झाला नसता." तुम्ही रिकामा कप आणायच्या निमित्तानं आत जायच्या आणि गंभीर तोंड करून परत यायच्या. "हे म्हनतेत, नसता झाला तं नसता झाला." एका शब्दाचं बोलणं नसताना मी त्या माणसाशी इतकी वर्षं वाद घातला. बोलल्याशिवायही माणसाची ओळख होते, असं मी माझ्या प्राचीला मोठ्या तोऱ्यात सांगायची.

प्राचीचे बाबा तापानं गेले, तेव्हा मी टीव्हीकडे पाहणंच सोडलं होतं. दीड महिना झाला असेल. एका दुपारी तुम्ही मला हात धरून मधल्या खोलीत आणलं आणि टीव्ही लावला. आत्याबाई, म्हणजे सासऱ्यांची बहीण, अजून मुक्कामाला होत्या. त्या कडाडल्या, "काय वं कमल, घरात दुखवटा अन् तू सिनेमा लावतं?" तुम्ही सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "हे म्हनतेत, लावा. पोरीचं मन रमीन घडीभर." भासऱ्यांचं नाव निघालं की आत्याबाई काय करतील? त्याही बसल्या, आणि शेवटी सगळ्यात जास्त त्याच रडल्या.

त्यानंतर किती वेळा ते नाव माझ्या पाठीशी उभं राहिलं! अंगणवाडीची जागा निघाली, भाऊबंद म्हणाले विधवा बाई घराबाहेर कशाला. "हे म्हनतेत, जाऊ द्या तिले." मी पांढरट साड्या काढल्या, तुम्ही हिरवी अंगावर टाकली. "हे म्हनतेत, पोरीच्या डोळ्याले कसंसंच दिसते, रंगाची नेस." प्राचीला नर्सिंगला यवतमाळला ठेवायची, तर होस्टेलच्या नावानंच सगळे डोळे वटारत होते. "हे म्हनतेत, शिकू द्या." प्रत्येक वेळी मी पडद्याकडे तोंड करून मनातल्या मनात हात जोडले. पिक्चरच्या बाबतीत माणूस कडक आहे, पण काळीज मोठं आहे, असं मी ठरवून टाकलं होतं.

एवढे उपकार अंगावर असताना प्रकाशरावांची गोष्ट मला तुमच्यासमोर सरळ काढता येईना. मावशीच्या मुलाच्या लग्नात ओळख झाली. यवतमाळजवळ लोहाऱ्याला एमआयडीसीत, कंपनीत इलेक्ट्रिशियन. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. आधी हालहवाल विचारणं, मग फोन, आणि मग एक दिवस त्यांनी शांतपणे विचारलं, लग्नाचं काय? बाई, या वयात माझ्या छातीत धडधडलं. मी प्राचीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, मले आवडले ते. पन मोठ्या आईले विचार." पोरीनंही तुमचंच नाव घेतलं.

मग मी तो पिक्चर शोधून काढला. जुना, काळापांढरा. तरणी विधवा, भरलं घर, आणि गावात आलेला एक सालस माणूस. मुद्दामच काढला, आता लपवून काय करू? नेहमीप्रमाणे शेवट आधी सांगितला. शेवटी तो विचारतो, ती नाही म्हणते. तो जातो आणि ती आतून दार लावून घेते. मला वाटलं तुम्ही म्हणाल, असला रडका नको, दुसरा लाव. तुम्ही म्हणाल्या, "लाव."

त्या दिवशी तुम्ही मशीनला, कपड्याला, केसांना कशालाच नाव ठेवलं नाही. सूप मांडीवर तसंच. पिक्चर संपला तसं मी ढिगावरून खाली उतरले आणि विचारलं, "तुमाले काय वाटलं?" तुम्ही उठल्या. "चहा ठेवतो," म्हणाल्या. कप घेऊन पडद्याआड गेल्या आणि खूप वेळानं आल्या.

"हे म्हनतेत, शेवट बराबर आहे. तिनं घर नाही सोडलं, तेच चांगलं केलं."

माझं डोकंच फिरलं. "काहून बराबर? त्या घरानं तिले देल्लं काय?"

"मले काय विचारतं? हे म्हनून राह्यले."

"मंग त्यायले विचारा, तो मानूस वाईट होता का?"

"वाईट नव्हता," तुम्ही म्हणाल्या. "पन घरची मानसंबी वाईट नव्हती."

हे उत्तर द्यायला तुम्ही आत गेल्या नव्हत्या. तेव्हा माझ्या ते लक्षातच आलं नाही. मी रागारागात सगळं सांगून टाकलं, प्रकाशराव, लोहारा, फोन, सगळं. तुम्ही ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मले माहीत आहे. फोनवर बोलताना तू हासतं. इतक्या वर्सांत तू तशी हासली नव्हती." मग सुपातले दाणे उगाच इकडचे तिकडे करत म्हणाल्या, "यायच्या कानावर घालतो. कापूस विकू दे, मंग."

"अन् तुमचं काय म्हननं आहे?" मी विचारलं.

"माहं काय वं. हे म्हनतीन तसं."

कापूस विकला गेला नाही. होळीच्या आधी एका सकाळी भाकर थापता थापता तुम्ही परातीवर कलंडल्या. मी धरलं तेव्हा हाताला पीठ होतं. जीप मिळाली, दारव्ह्याला नेलं, पण दवाखान्याच्या पायरीपर्यंतच तुम्ही आमच्यासोबत होत्या. खरं सांगते, तिथं उभी राहून मला रडू आलं आणि तुमचा रागही आला. असं जातं का कोणी? निरोप अर्धा ठेवून?

तो निरोप पोचला की नाही, हे मी कोणाला विचारणार होते? तेरवीपर्यंत घरात माणसं होती. कोणी ना कोणी इकडचं तिकडे सांगत होतं. सचिन बापाला पुण्याला चला म्हणाला, ते नाही म्हणाले. आत्याबाई जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आता याचा भाकरतुकडा तूच पाह्य. तुह्याशिवाय कोन आहे त्याले?" आणि सगळे गेले. उरलो पडद्याच्या अलीकडे मी आणि पलीकडे ते. चहा मी उंबरठ्यावर ठेवायची आणि वाटीवर चमचा वाजवायची. ते आतून खाकरायचे, म्हणजे कळलं. एक दिवस वरणात मीठ टाकायचं राहिलं. त्यांनी काही न म्हणता जेवण केलं, आणि मी ताट वाढून घेतलं तेव्हा पहिल्या घासाला मला समजलं. तिथंच बसून मी पदरात तोंड घालून रडले. मिठाचा निरोप द्यायलाही घरात कोणी नाही, बाई.

तिकडे प्रकाशरावांचा फोन. "घाई नाही. पण होकार असो की नकार, तुमच्या तोंडून ऐकू द्या." आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. हे म्हनतेत, शेवट बराबर आहे. ज्या माणसानं मला रंगीत साडी दिली, नोकरी दिली, माझ्या पोरीला शिकवलं, त्याचं हे एक म्हणणं मोडून जायचं? तेही त्याला असं एकट्याला टाकून?

म्हणून परवा टीव्ही बंद केला आणि उठले. उंबरठ्यावर गेले, पडदा सारला. तुमच्या जागेवर बसायचं धैर्य झालं नाही, उभीच राहिले. आणि तिथं अडकले, कारण हाक काय मारू? अहो म्हणता येत नाही, ते नवऱ्याला. भासरे अशी हाक जगात कोणी मारत नाही. इतक्या वर्षांत हाक मारायची वेळच आली नव्हती. शेवटी तोंडातून निघालं, "दादा."

ते खाटेवर बसून बैलाच्या कासऱ्याला गाठ मारत होते. दचकले. आधी माझ्या मागे पाहिलं, दुसरं कोणी आहे का ते. मग टोपी नीट केली आणि चक्क उठून उभे राहिले, घरी मोठा पाहुणा आल्यासारखे.

"बाईनं तुमाले माह्याबद्दल काही सांगतलं का?"

"नाही. काय वं?"

मी एका दमात सांगितलं. डोक्यावरचा पदर घट्ट धरून, त्यांच्या पायांकडे पाहत. त्यांनी कासरा बाजूला ठेवला. मग बापानं विचारावं तसं एकेक विचारलं. कोणत्या कंपनीत? दारू घेतो का? प्राचीला चालते का? आणि शेवटी, "तुही मर्जी आहे?"

हो म्हणायला तोंड उघडलं आणि दुसरंच निघालं. "पन तुम्ही म्हटलं होतं ना, शेवट बराबर आहे म्हनून."

"कायचा शेवट?"

"त्या पिक्चरचा. विधवा बाईच्या. ती घर नाही सोडत तेच चांगलं केलं, असं."

"मी कवा पाह्यला पिक्चर?"

"बाई सांगत ना. मधात चहा घेऊन येत, तुमाले विचारत..."

"चहा आने ते. मले हालवून उठवे. मी दुपारचा झोपतो ना वं. चहा पेला का पुन्हा आडवा. पिक्चरचं तं ते माह्याजवळ कदी एक शब्द बोलली नाही."

मी उंबरठ्यावरच बसले, तुमच्या जागी. "मंग मले अंगणवाडीत जाऊ द्या, असं तुम्ही म्हटलं ते?"

"तू जाऊन राह्यली तवा मले समजलं."

"अन् प्राचीचं होस्टेल?"

"ते हिनंच ठरवलं. मले म्हने, मंदा म्हनते पोरगी शिकलीच पाह्यजे. म्हटलं, मंदा म्हनते तं शिकू द्या." आणि पुढं म्हणाले, "मंदा म्हनते म्हनून तं मी तंबाखू सोडला."

"मी?"

"हो. तुले वासाचा तरास होते म्हने. घरची सून असं म्हनते म्हटल्यावर लाज वाटली मले."

बाई, मी आयुष्यात तुमच्या मालकांच्या तंबाखूबद्दल एक शब्द काढलेला नाही. ते तो खातात हेसुद्धा मला माहीत नव्हतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो, तेही वीस वर्षांत पहिल्यांदा, आणि त्यांना हसू फुटलं. खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर धरून हसले, मग तो दुपट्टा तोंडावरून डोळ्यांवर गेला आणि बराच वेळ तिथंच राहिला. मलाही मग आवरलं नाही.

मग म्हणाले, "मी काय काय म्हनत होतो, सांग बरं."

मी सांगत बसले. बापाला विचारायला पाहिजे होतं, ते सांगितलं. पोलिसांचं सांगितलं. व्हिलनच शहाणा, त्याला कामधंदा तरी होता, हे सांगितलं. "हे मी म्हटलं?" "हो." "बराबरच म्हटलं मंग." ऊन अंगणात उतरेपर्यंत ते एकेक विचारत होते आणि मी आठवून आठवून सांगत होते. त्या दुपारी आमच्या दोघांचा चहा राहून गेला.

उठताना मी पुन्हा विचारलं, त्या शेवटाचं काय? ते कासरा गुंडाळत म्हणाले, "जो पिक्चर मी पाह्यलाच नाही, त्याचं मले काय विचारतं? तुले पटलं ते कर. अन् माह्या भाकरीचा घोर नको ठेवू. तांड्यावरची सीताबाई रांधून देत जाईन, नाहीतर सचिन आहेच." मग हळूच म्हणाले, "तिले करमलं नसतं तुह्याबिगर. म्हनून म्हटलं असन तिनं."

बाई, त्या रात्रीपासून मी तुमच्याशी भांडते आहे. महिनाभर माझ्या जिवाला घोर लावला तुम्ही. ज्या माणसाला माझ्याबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं, त्याला मी घाबरले, त्याच्या उपकाराखाली वाकले, त्याच्या एका वाक्यासाठी एका भल्या माणसाला ताटकळत ठेवलं. आणि भांडता भांडता मध्येच मला ती हिरवी साडी आठवते. आत्याबाईंचा कडाडलेला आवाज आणि सुपातून वर न आलेली तुमची मान आठवते. यवतमाळला प्राचीला सोडून आलो तेव्हा जीपमध्ये तुम्ही माझ्याहून जास्त रडल्या, ते आठवतं. ज्यांच्यासाठी मी पडद्याकडे हात जोडले, ते सगळे होकार तुमचे होते. मी मात्र उंबरठ्यावरून तुमच्या डोक्यावरून पलीकडे पाहत राहिले, कधी तुमच्याकडे पाहून हात जोडले नाहीत. तुम्हाला ते चालत होतं? एकदा तरी वाटलं नाही, की हिला सांगावं, अगं मीच गं?

आणि तो एक नकार, तोही तुमचाच. तो रीतीचा नव्हता, लोकांचा नव्हता. मी लोहाऱ्याला गेले असते तर तुम्ही दुपारी कोणाला शेवट विचारणार होत्या? सचिन पुण्यात, प्राची होस्टेलला, दादा झोपलेले. एवढं तुम्हाला दिसलं, आणि ते सांगायची लाज वाटली. कडक बोलायचं म्हणजे ह्यांचं नाव, ही तुमची सवय. भीती वाटली तेव्हाही तुम्ही तेच नाव पुढं केलं.

तरी सांगते, तो शेवट बराबर नव्हता. तिनं दार लावून घ्यायला नको होतं. यावर मी तुमच्याशी जन्मभर भांडीन.

प्रकाशरावांना मी काल हो सांगितलं. अक्षय तृतीयेला तुमच्या नावाची घागर भरून झाली की यवतमाळला जाऊन लग्नाची सही करायची, बाकी काही थाट नाही. दादा येतो म्हणाले आहेत. ही वाट तुम्हीच मोकळी ठेवली होती, हे आता कुठं माझ्या ध्यानात येतंय. त्यांच्या नावानं म्हटलेलं मी एक ना एक दिवस त्यांच्याकडून ताडून पाहणार, वाद घालणार, मोडणार, हे तुम्हाला ठाऊक असणार. पिक्चरच्या बाबतीतसुद्धा मी त्यांचं कधी ऐकलं नाही. पण एकदा, एकदाच, तुम्ही सूप बाजूला ठेवून आपल्या तोंडानं म्हटलं असतं, "मंदे, नको जाऊ वं, मले करमाचं नाही," तर मी राह्यली असती, बाई. तुम्हाला ते माहीत होतं. म्हणूनच तुम्ही ते म्हटलं नाही.